लिस्बनहून गाडी घेऊन स्पेन फिरताना इंधनाचे पैसे नेमके कुठे वाचतात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात तुम्ही, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण म्हापशाहून लिस्बनला दिरांकडे जाताय, तिथनं भाड्याची गाडी घेऊन आल्गार्व्ह (पोर्तुगालचा दक्षिण किनारा), सेव्हिल, कॉर्दोबा, ग्रानादा, माद्रिद, सालामांका, पोर्तु आणि परत लिस्बन असा फेरा आहे, पेट्रोल तिकडे आपल्यापेक्षा बरंच महाग म्हणून धसका घेतलाय, आणि दीर म्हणतात की स्पेनमध्ये स्वस्त मिळतं तर सगळं तिथंच भरा. त्यात कितपत तथ्य आणि अजून कुठे वाचवता येईल, हे विचारलंय. मी फोंड्यात बसून बरीच वर्षं आपल्याकडच्या कुटुंबांना असे सेल्फ ड्राइव्ह दौरे आखून देतोय, हे रस्ते स्वतःही चालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब मांडू, कारण बहुतेक लोक हिशोब न करताच पंप शोधत फिरतात. तुमचा फेरा नकाशावर साधारण २१०० किमीचा आहे, त्यात किनारे, गावातलं फिरणं, चुकलेली वळणं धरली की २५०० पकडा. दर रोज बदलतो, पण हिशोबासाठी लिटरला १.६० युरो धरू. सात सीटर गाडी घेतली आणि ती १०० किमीला ८ लिटर खात असेल तर २०० लिटर, म्हणजे ३२० युरो. तीच फेरी १०० किमीला साडेपाच लिटर खाणाऱ्या गाडीत केली तर साधारण १३८ लिटर, म्हणजे २२० युरो. शंभर युरोचा फरक, आणि तो एकही पंप न शोधता, घरबसल्या बुकिंग करतानाच पडला. आता उलट बाजू बघा, सगळ्या प्रवासात लिटरमागे ५ सेंट स्वस्त पंप तुम्ही प्रत्येक वेळी शोधून काढला तरी वाचतात ७ युरो. म्हणजे माझं म्हणणं असं की पैसा पंपावर फारसा वाचत नाही, तो कुठली गाडी घेता आणि ती कशी चालवता यात वाचतो, पंपाचा नंबर त्यानंतर.

गाडीबद्दल. (तिकडे आकडा १०० किमीला किती लिटर असा सांगतात, आपल्यासारखा लिटरला किती किमी नाही, त्यामुळे लहान आकडा चांगला हे डोक्यात ठेवा.) आपल्याकडे पाच माणसं म्हटलं की इनोव्हाच डोळ्यांसमोर येते आणि तिकडेही लोक सात सीटर शोधायला जातात, ते भाड्यालाही महाग, इंधनालाही महाग आणि सेव्हिल-ग्रानादाच्या जुन्या भागातल्या पार्किंगमध्ये घुसवायला तर जीव नकोसा होतो. तुम्हाला हवी ती स्टेशन वॅगन, तिकडच्या यादीत इस्टेट म्हणून असते. खालून साधी हॅचबॅक किंवा सेदान, मागे डिकी लांब, पाच माणसं आणि चार मध्यम बॅगा नीट बसतात. डिझेल वॅगन हायवेला १०० किमीला साडेपाचच्या आसपास जाते. पोर्तुगालमध्ये डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा थोडं स्वस्तही असतं, आणि तुमचा प्रवास बहुतांश हायवेचा आहे त्यामुळे डिझेल तुम्हाला शोभतं. हायब्रिड चांगली, पण तिचा खरा फायदा शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात, १२० च्या स्पीडला ती साध्या पेट्रोल गाडीपेक्षा फार पुढे जात नाही, म्हणून हायब्रिडसाठी जास्त भाडं देऊ नका, त्याच भाड्यात मिळाली तर घ्या. काउंटरवरचा माणूस बहुतेकदा फुकट अपग्रेड म्हणून मोठी एसयूव्ही पुढे करतो. नम्रपणे नाही म्हणा. फुकट आहे ती फक्त गाडी, तिचं डिझेल तुम्हीच भरणार आहात. टपावर सामानाचा बॉक्स लावायचा विचार असेल तर तोही सोडा, हवेचा विरोध वाढून इंधन बरंच जातं. त्यापेक्षा बॅगा कमी करा, सासूबाईंचं लोणचं-पापड दिरांकडेच ठेवून पुढे निघा.

इलेक्ट्रिक घेऊ का असंही विचारलंय. पहिल्याच दौऱ्यात नको. चार्जिंग आहे भरपूर, पण ॲप, कार्ड, नोंदणी आणि मुलांना घेऊन ताटकळणं, हे सगळं उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय होईपर्यंत बाजूलाच ठेवा.

दुसरी मोठी गोष्ट स्पीड. दोन्ही देशांत मोटरवेची मर्यादा १२० आहे आणि रस्ते असे सरळ की आपल्या माणसाला १२० म्हणजे सावकाश वाटायला लागतं, मग १३०-१४० होतं आणि दंडाची पावती भाड्याच्या कंपनीमार्फत घरापर्यंत येते, वर तिची प्रोसेसिंग फी वेगळी. दंड सोडा, नुसतं इंधन बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० वरून १२० ला गेलात की वेग २० टक्के वाढला पण हवेचा विरोध ४४ टक्के वाढला. सगळं इंधन हवेशी झगडण्यात जात नाही त्यामुळे खप तेवढा वाढत नाही, पण १५ ते २० टक्के सहज वाढतो. ग्रानादा ते माद्रिद ४२० किमी आहे, १२० ने साडेतीन तास, १०५ ने चार तास. अर्धा तास. मुलांसोबत कॉफीला थांबलात की तो अर्धा तास कुठे गेला ते कळतही नाही. मी १०५ ते ११० वर क्रूझ कंट्रोल लावतो आणि उजवी लेन धरतो (तिकडे हळू चालणाऱ्याची लेन उजवी, डावी फक्त ओव्हरटेकसाठी, हे मिस्टरांना आधीच दहा वेळा सांगा, ते सगळ्यांच्याच जिवाचं काम आहे). वाऱ्याच्या दिवशी तर फरक अजून जाणवतो.

घाटातली आपली एक सवय तिकडे नेऊ नका. चोर्लाच्या किंवा अनमोडच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवतोय असं समजणारी माणसं आपल्यात खूप आहेत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं, शिवाय ब्रेक तापतात. ग्रानादाच्या आजूबाजूला सिएरा नेवादाचे लांब उतार आहेत, तिथे गिअरमध्येच उतरा.

टायरमधली हवा गाडी घेतानाच बघा, भाड्याच्या गाडीची कुणी फारशी काळजी घेतलेली नसते. दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यात रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा वेगळा, तुम्ही पाच जण आणि सामान म्हणजे भरलेलाच. आकडे बार या दाबाच्या एककात असतात, टायर गार असताना बघायचे. एसीचं टेन्शन घेऊ नका, मेमध्येसुद्धा आंदालुसियात (सेव्हिल-कॉर्दोबा-ग्रानादाचा दक्षिण स्पेन) ऊन कडक असतं आणि सासूबाई बरोबर आहेत, हायवेवर काचा उघड्या ठेवून जे इंधन जातं त्यापेक्षा एसी बरा.

आता दिरांच्या म्हणण्याकडे येऊ. ते खोटं नाही. स्पेनमध्ये इंधनावरचा कर पोर्तुगालपेक्षा कमी आहे, व्हॅटच बघितला तर सर्वसाधारण दर तिथे २१ टक्के आणि पोर्तुगालमध्ये २३, वर इंधनाचा वेगळा कर दोघांचा वेगवेगळा, आणि पेट्रोलमध्ये लिटरमागे १५-२० सेंटांचा फरक मी कित्येकदा बघितलाय. आल्गार्व्हची माणसं ग्वादियाना नदीवरचा पूल ओलांडून स्पेनमधल्या आयामोंतेला टाकी भरायला जातात ती उगाच नाही. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, २०१२ ला पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा बांदा-सावंतवाडीच्या गाड्या पेडण्यात आणि कारवारच्या गाड्या पोळ्याला टाकी भरायला यायच्या, तोच प्रकार आहे, फक्त तिथे तुम्ही बांद्याच्या जागी आहात.

पण एक गोष्ट दीर विसरताहेत, ती म्हणजे गाडी भाड्याची आहे. भाड्याची गाडी फुल टाकी घेऊन द्यायची अट असते, मिळताना फुल, परत करताना फुल. म्हणजे लिस्बनहून निघताना जी टाकी मिळते ती जणू उधारीची, तीवर तुम्ही आल्गार्व्ह फिरून आयामोंते गाठता, किनारे धरून ४००-४५० किमी होईल, २५ लिटर जाईल, गाडीची टाकी ४५-५० लिटरची, म्हणजे पोर्तुगालमध्ये तेव्हा एक थेंबही विकत घ्यायची गरज नाही. पूल ओलांडला की स्पेनमध्ये भरा, तिथला सगळा फेरा स्पेनच्या दरात. परतताना सिउदाद रॉद्रिगोच्या पुढे सीमेला लागून फुएंतेस दे ओन्योरो हे गाव आहे, तिथे पुन्हा काठोकाठ भरून व्हिलार फोर्मोझोला पोर्तुगालमध्ये शिरा. तिथनं पोर्तु आणि पोर्तुहून लिस्बन मिळून साडेपाचशे किमी, साधारण ३० लिटर, एका टाकीत आरामात. पण लिस्बनला गाडी परत द्यायच्या आधी तेच ३० लिटर तुम्हाला पोर्तुगालच्या दराने भरावे लागणार. ती उधारी तिथे फिटते. मग काही जण डोकं लावतात की फेरा उलटा करू, आधी पोर्तु आणि शेवटी आल्गार्व्ह, म्हणजे शेवटचा पोर्तुगालमधला टप्पा छोटा. केला हिशोब, ५-६ लिटर कमी लागतात, लिटरमागे २० सेंट धरले तर एक-सव्वा युरो वाचला. त्यासाठी दौरा उलटा करू नका, ज्या दिशेने मुलांना आणि सासूबाईंना सोयीचं त्या दिशेने जा. सीमेचं नियोजन एवढंच की स्पेनमध्ये शिरताना टाकी जितकी रिकामी तितकी बरी आणि स्पेन सोडताना काठोकाठ, कारण वाटेत मोटरवेवरचा महागडा पंप गाठायची वेळ येत नाही. रिकामी म्हणजे पाव टाकी, दिवा लागेपर्यंत नाही.

आणि गाडी स्पेनला नेणार हे बुकिंग करतानाच सांगा, कंपन्या सीमा ओलांडायची वेगळी फी घेतात आणि न सांगता नेली तर इन्शुरन्सच लागू होत नाही. ही फी डिझेलच्या बचतीपेक्षा मोठी असू शकते, त्यामुळे दोन-तीन कंपन्यांची फी धरून एकूण खर्चाची तुलना करा, नुसतं दिवसाचं भाडं बघू नका.

पंप कुठले? एक नियम पाळलात तरी पुरे, मोटरवेच्या सर्व्हिस एरियात भरू नका. तिथे दर हमखास जास्त. एक्झिट घेऊन गावात दोन-तीन किमी आत गेलात की सुपरमार्केटचे पंप मिळतात, पोर्तुगालमध्ये इंतरमार्शे, ओशां, लक्लेर, शिवाय प्रियु, आणि स्पेनमध्ये कार्फूर, आल्कांपो, वर माणूस नसलेले बालेनॉइल, प्लेनर्जी (आधीचं प्लेनॉइल), पेत्रोप्रिक्स असे स्वस्त पंप. स्वस्त म्हणजे भेसळीचं असा आपल्याकडचा संशय तिकडे नेऊ नका. पोर्तुगालमध्ये तर २०१५ च्या कायद्याने पंपांना बिनॲडिटिव्हचं, म्हणजे वरून खास रसायनं न घातलेलं, साधं इंधन ठेवावंच लागतं, बोर्डावर सिंप्लेश लिहिलेलं असतं, तुमच्या भाड्याच्या गाडीला तेच भरपूर झालं, प्रीमियमला हात लावू नका. दोन्ही देशांत सरकारी साइटवर प्रत्येक पंपाचा दर दिसतो, पोर्तुगालमध्ये ऊर्जा खात्याची म्हणजे डीजीईजीची साइट, स्पेनमध्ये मंत्रालयाचं गॅसोलिनेरास जिओपोर्टल, रात्री हॉटेलवर बसून दुसऱ्या दिवशीच्या वाटेवरचा एखादा पंप खूण करून ठेवा आणि विषय संपवा. पोर्तुगालमध्ये दर साधारणपणे सोमवारी बदलतात आणि वाढणार की उतरणार ते शुक्रवारपर्यंत बातम्यांत येतं, दिरांना विचारलंत तर तेच सांगतील. पण २ सेंटांसाठी दहा किमी वाकडी वाट करू नका, ४० लिटरवर ८० सेंट वाचतील आणि जाण्यायेण्यात दीड युरोहून जास्तचं जळेल.

माणूस नसलेल्या पंपावर कार्ड आधी टाकावं लागतं आणि मशीन एक मोठी रक्कम ब्लॉक करतं, भरलेलं बिल कमी असलं तरी बाकीची रक्कम सुटायला काही दिवस जाऊ शकतात. प्रीपेड फॉरेक्स कार्डात मोजकेच पैसे असले तर अडकायला होतं, कधी कधी ते कार्ड मशीन घेतच नाही, म्हणून क्रेडिट कार्ड आणि थोडे रोख युरो दोन्ही ठेवा. मशीन विचारतं युरोत की रुपयांत, प्रत्येक वेळी युरोच निवडा. रुपयात निवडलंत की मशीनवाल्याचा दर लागतो, तो वाईटच असतो. आणि आपल्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क कार्डानुसार ३-साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, वर जीएसटी, तेव्हा शुल्क नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड निघायच्या आधी करून घ्या. नुसत्या डिझेलवर नाही, हॉटेल-जेवण सगळ्यावर हे लागतं, त्यामुळे ही बचत स्वस्त पंपापेक्षा कितीतरी मोठी.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे चुकीचं इंधन. पोर्तुगालमध्ये गाझोलिना म्हणजे पेट्रोल आणि गाझोलियु म्हणजे डिझेल, दमलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे नाव आणि नळीचा रंग न बघता खूण बघा, २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे एकच खूण आहे, पेट्रोलला गोल आणि आत ई५ किंवा ई१०, डिझेलला चौकोन आणि आत बी७. तीच खूण गाडीच्या टाकीच्या झाकणाआतही असते, दोन्ही जुळवा आणि मगच दाबा. डिझेलची नळी जाड असल्यामुळे पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरत नाही, पण पेट्रोलची नळी डिझेलच्या गाडीत सहज जाते, आणि तुम्ही डिझेल घेणार आहात म्हणून धोका तुम्हालाच जास्त. चुकलंच तर गाडी अजिबात सुरू करू नका, चावीही फिरवू नका, कंपनीला फोन करा. हा खर्च भाड्याच्या इन्शुरन्समध्ये बहुतेकदा धरलेला नसतो.

टोल इंधनाच्या बाहेरचा विषय पण खिसा तोच. १ जानेवारी २०२५ पासून आल्गार्व्हचा ए२२ आणि व्हिलार फोर्मोझोहून येणारा ए२५ टोलमुक्त झालेत, म्हणजे तुमचे दोन्ही सीमेकडचे रस्ते फुकट. लिस्बन-आल्गार्व्ह ए२ आणि पोर्तु-लिस्बन ए१ ला मात्र प्रत्येकी वीस युरोच्या वर टोल जातो. ए२ ला पर्याय आहे आयसी१ हा रस्ता, ग्रांदोला आणि ओरीकवरून जातो, फुकट, आणि ८०-९० ने चालत असल्यामुळे डिझेलही कमी लागतं, तास-सव्वा तास जास्त जातो. हाताशी दिवस असेल तर मी हाच रस्ता सुचवीन, कॉर्कची झाडं बघत जाता येतं. पोर्तु-लिस्बनला जुन्या रस्त्याच्या नादी लागू नका, सिग्नल, ट्रक आणि गावं यात दिवस जाईल आणि थांबून थांबून डिझेलही. टोलनाक्यावर हिरव्या व्हिया व्हेर्दच्या (आपल्या फास्टॅगसारखी सोय) लेनमध्ये गाडीत तिचं यंत्र नसताना शिरू नका. स्पेनमध्ये नुसतं ए असलेला रस्ता फुकट, एपी असेल तर टोल असू शकतो.

लिस्बनमध्ये जेवढे दिवस दिरांकडे राहणार तेवढे दिवस गाडी घेऊच नका, निघायच्या सकाळी घ्या, मेट्रो आणि ट्राम पुरे आहेत. माद्रिदमध्ये तर गाडी आत न्यायचा विचारच सोडा, स्पेनच्या मोठ्या शहरांत कमी प्रदूषणाचे झोन आहेत, पोर्तुगालच्या नंबरप्लेटच्या गाडीवर स्पेनचा प्रदूषण-गटाचा स्टिकर नसतो, काय चालतं ते आधी माद्रिद पालिकेच्या साइटवर बघून घ्या, नाहीतर बाहेरच्या मेट्रो स्टेशनजवळ पार्किंग असलेलं हॉटेल घ्या. पोर्तुसाठी अजून एक विचार करा, गाडी पोर्तुलाच सोडून लिस्बनला ट्रेनने आलात तर तीन तासांत पोचाल, ३१५ किमीचं डिझेल आणि ए१ चा टोल वाचतो, पण पाच तिकिटं आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडायची फी त्यात धरून बघा. पाच जणांना बहुतेक वेळा गाडीच स्वस्त पडते, दोघे असता तर मी ट्रेन म्हटलं असतं.

गाडी परत करताना टाकी विमानतळाच्या दाराजवळच्या पंपावर भरू नका, पण फार लांबही नको, काटा फुलवर दिसायला हवा आणि काही कंपन्या शेवटची पावती मागतात, ती दहा किमीच्या आतली आणि त्याच दिवसाची असावी. प्रीपेड टाकीचा पर्याय काउंटरवर देतील, म्हणजे आधी पैसे द्या आणि रिकामी आणा, तो घेऊ नका, टाकीत उरलेल्याचे पैसे परत येत नाहीत. गाडी घेताना आणि देताना इंधनाचा काटा आणि किमीचा आकडा एकाच फोटोत घ्या. माझ्याकडच्या एका कुटुंबाला पाव टाकी कमी होती म्हणून नंतर बिल आलं होतं, वर भरण्याची फी वेगळी, त्यांनी फोटो आणि पावती पाठवली आणि पैसे परत आले. पावती फोनमध्ये ठेवा आणि डिपॉझिट पूर्ण सुटेपर्यंत डिलीट करू नका.